अबू रैहान अल-बिरूनी : मापाची अमानत सांभाळणारा विद्वान

भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळवडे आणि इंद्रायणीपलीकडील चाकण या औद्योगिक पट्ट्यात आपल्या असंख्य बांधवांची रोजी यंत्रांवर अवलंबून आहे. कोणी लेथवर उभा असतो, कोणी सीएनसी यंत्र चालवितो, तर कोणी क्वालिटी विभागात तयार मालाची तपासणी करतो. तपासणीच्या टेबलावर जॉब मायक्रोमीटरमध्ये धरला जातो. ड्रॉइंगवर दिलेल्या मर्यादेत तो बसला तर पुढे जातो. काही मायक्रॉनने चुकला तरी बाजूला काढला जातो. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरील एक केस साधारणपणे पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, यावरून या कामातील काटेकोरपणा ध्यानात यावा.

परंतु ज्या मायक्रोमीटरने आपण मालाचा न्याय करतो, तो स्वतः बरोबर आहे हे कोणी ठरवायचे? त्यासाठी ठरावीक काळाने त्याचे कॅलिब्रेशन होते. तो स्लिप गेजशी ताडून पाहिला जातो. ते स्लिप गेज अधिक अचूक गेजशी ताडले जातात. हे काम जेथे चालते तेथे तापमान २० अंश सेल्सियस राखावे लागते, कारण एक मीटर लांबीचे पोलाद एका अंशाने तापले तरी ११ ते १२ मायक्रॉनने वाढते. अशी एकेक पायरी चढत ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. दिल्लीच्या पुढे मात्र ती कोणत्याही पट्टीपाशी संपत नाही. ती प्रकाशाच्या वेगापाशी संपते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक आहे एकक. हात, गज, कोस, शेर, तोळा, मीटर, किलोग्रॅम ही सारी एकके माणसांनी आपसांत ठरविलेली आहेत. ती देशागणिक आणि काळागणिक बदलत आली. दुसरी आहे सृष्टीतील स्थिर राशी. प्रकाशाचा निर्वात पोकळीतील वेग चाकणमध्ये एक आणि समरकंदमध्ये दुसरा असत नाही. सोने चांदीपेक्षा किती जड, याचे गुणोत्तर बाजार बदलला म्हणून बदलत नाही. एकक माणसाच्या हाती सोपविलेले आहे. स्थिरांक निर्मात्याने आपल्या हाती ठेवला आहे. या दोहोंचा सांधा जोडणे म्हणजेच मोजणे होय, आणि हा सांधा प्रामाणिकपणावाचून जुळत नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी ज्या विद्वानाने आपले सारे आयुष्य या कामी वेचले, त्या अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरूनी यांचे चरित्र म्हणूनच आपण पाहणार आहोत.

जन्म आणि शिक्षण

अल-बिरूनी यांचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी, म्हणजे हिजरी ३६२ च्या जिल्हज महिन्यात, ख्वारिझम प्रांतातील काथ नगराच्या परिसरात झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात येतो. फारसी भाषेत ‘बिरून’ म्हणजे बाहेर. नगराच्या वेशीबाहेरचा रहिवासी म्हणून त्यांना बिरूनी हे नाव पडले, असे समजले जाते. ख्वारिझमच्या राजघराण्यातील गणितज्ञ अबू नस्र मन्सूर यांच्याकडे त्यांनी गणित आणि खगोलशास्त्राचे शिक्षण घेतले. शिष्याची बुद्धी ओळखून गुरूने पुढे आपले अनेक निबंध त्यांच्याच नावे लिहिले. गुरुशिष्यांचा हा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. ९९५ मध्ये ख्वारिझममध्ये सत्तापालट झाला, त्यांना आश्रय देणारे घराणे नष्ट झाले आणि त्यांना मायभूमी सोडून जावे लागले. तेहरानजवळच्या रय या शहरात त्यांनी काही काळ विपन्नावस्थेत काढला. ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही त्याच्या विद्येलाही लोक किंमत देत नाहीत, हा कडू अनुभव त्यांनी तेथे घेतला. तरीही त्यांनी मोजणे सोडले नाही.

लवकरच ते काही काळासाठी काथला परतले. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते. बगदादमध्ये अबुल वफा बूझजानी हे थोर गणितज्ञ राहत होते. दोघांनी आधीच ठरविले की, एकच ग्रहण दोघांनी आपापल्या शहरातून पाहायचे आणि त्याची स्थानिक वेळ नोंदवायची. ग्रहण हे चंद्रावर घडते. ते सर्वांना एकाच क्षणी दिसते. मात्र पूर्वेकडील शहराची स्थानिक वेळ पुढे असते आणि पश्चिमेकडील शहराची मागे. दोन्ही नोंदींत जवळजवळ एका तासाचा फरक आला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर मिळाले. ना तार, ना टपाल अशा त्या काळात दोन विद्वानांनी परस्परांच्या नोंदीवर विश्वास ठेवून केलेला हा प्रयोग आहे. दोघांपैकी एकाने जरी अंदाजाने वेळ लिहिली असती, तरी सारे व्यर्थ गेले असते.

सावली आणि गुणोत्तर

पुढे जुरजान येथील अमीर काबूस यांच्या दरबारी त्यांना आश्रय मिळाला. तेथे इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या कालगणनेवर आपला पहिला मोठा ग्रंथ पूर्ण केला. चांद्रमासाचा हिशोब करताना दिवसाचे तास, तासाचे साठ भाग आणि त्यांचे पुन्हा साठ भाग अशी विभागणी त्यांनी वापरली. आपण ज्याला मिनिट आणि सेकंद म्हणतो, ती विभागणी कालगणनेत इतक्या स्पष्टपणे वापरणाऱ्या आरंभीच्या विद्वानांत त्यांची गणना होते.

सावलीच्या मोजमापावरही त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. नमाजच्या वेळांचा सावलीशी असलेला संबंध आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असतो. अस्रची वेळ वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूच्या उंचीइतकी झाल्यावर सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. या नियमाकडे मापशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. यात कोणतेही एकक सांगितलेले नाही. काठी हातभर असो वा गजभर, वाळवंटातील मेंढपाळाची असो वा मशिदीच्या अंगणातील असो, गुणोत्तर तेच राहते. त्या काळी काठीचे बारा अंगुळे भाग करण्याची पद्धत होती, सात पावले मानण्याची होती आणि साठ भाग करण्याचीही होती. या साऱ्या पद्धती अल-बिरूनी यांनी समजावून सांगितल्या आणि एकीतून दुसरीत कसे जावे हे दाखविले. भाग कितीही करा, सूर्याची उंची त्यामुळे बदलत नाही, ही साधी पण मूलभूत गोष्ट या ग्रंथातून वाचकाच्या मनावर ठसते.

पृथ्वीचे माप

त्यांच्या मनात पृथ्वी मोजण्याची इच्छा फार दिवसांपासून होती. त्यांच्या आधी सुमारे पावणेदोनशे वर्षे खलिफा मामून यांच्या आज्ञेवरून विद्वानांच्या तुकड्यांनी सिंजारच्या सपाट मैदानात उत्तर-दक्षिण चालत जाऊन एका अंशाचे अंतर मोजले होते. ते सुमारे ५६⅔ अरबी मैल भरले. एका अरबी मैलाचे ४,००० हात होत. अल-बिरूनी यांना ही मोजणी पुन्हा करून पाहायची होती. त्यांनी जुरजानच्या उत्तरेस दहिस्तानचे मैदान निवडलेही. परंतु अशा कामाला माणसे आणि पैसा लागतो. ते पाठबळ मिळाले नाही आणि बेत सोडून द्यावा लागला.

त्यानंतर ते मायदेशी परतले आणि ख्वारिझमशाह मामून यांच्या दरबारी काही वर्षे सन्मानाने राहिले. १०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवी यांनी ख्वारिझम जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर अल-बिरूनी यांनाही गझनीला नेले. ते तेथे स्वेच्छेने गेले नव्हते. पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात ते अडकले असता त्यांच्यापाशी एकही उपकरण नव्हते. तेव्हा त्यांनी हिशोबाच्या पाटीच्या पाठीमागे अंशांची कमान आखली, ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची मोजून त्या स्थळाचा अक्षांश काढला. गवंड्याच्या हाती असतो तोच ओळंबा! साधने नाहीत म्हणून काम थांबविणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पुढे सुलतानांच्या मोहिमांमुळे त्यांना पंजाबात येण्याची संधी मिळाली. झेलमच्या परिसरातील मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. आज तो पाकिस्तानात येतो. किल्ल्याजवळ एक डोंगर आणि त्यापुढे दूरवर पसरलेले सपाट मैदान पाहून त्यांची जुनी इच्छा जागी झाली. वाळवंटात शेकडो मैल चालण्याऐवजी एकाच डोंगरावरून पृथ्वी मोजण्याची युक्ती त्यांनी योजिली. प्रथम मैदानातील दोन ठिकाणांहून शिखराचे कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग शिखरावर जाऊन क्षितिजाकडे पाहिले. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरून क्षितिज डोळ्याच्या पातळीच्या किंचित खाली दिसते. हा उतार त्यांना ३४ कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक आढळला. उंची आणि कोन या दोन संख्यांवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या निघाली : सुमारे १ कोटी २८ लाख हात. एका अंशाला हे माप सुमारे ५६ मैल येते.

स्तुतीचे माप

आज आपल्या मुलांना या प्रयोगाविषयी एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते की, अल-बिरूनी यांचे उत्तर आजच्या मापापेक्षा अवघे काही किलोमीटर चुकले. या विधानाकडे मायक्रोमीटर धरणाऱ्याच्या नजरेने पाहणे आपले कर्तव्य आहे. त्यांनी उत्तर हातांत दिले आहे. तो हात किती सेंटीमीटरचा होता? इस्लामी जगात निरनिराळे हात प्रचलित होते. त्यांची लांबी सुमारे ४९ सेंटीमीटरपासून ५४ सेंटीमीटरपर्यंत आढळते. ४९ धरले तर पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३०० किलोमीटर येते. ५४ धरले तर ६,९०० किलोमीटरच्या वर जाते. खरी सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. अर्थात सोयीचा हात निवडला की हवे तितके अचूक उत्तर मिळते! शिवाय क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाशकिरण वाकतो, आणि ३४ कलांच्या कोनात एका कलेची चूक झाली तरी त्रिज्येत जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे काही किलोमीटरांची अचूकता या पद्धतीने हमखास मिळणे शक्यच नव्हते.

मग त्यांचे मोठेपण कशात आहे? ते त्यांच्या वागण्यात आहे. आपले उत्तर हाती आल्यावर त्यांनी ते मामूनकालीन मोजणीशी ताडून पाहिले. दोन्ही उत्तरे जवळजवळ आहेत हे पाहून त्यांना समाधान वाटले. परंतु जुन्या मंडळींची उपकरणे अधिक सूक्ष्म होती आणि त्यांनी अधिक कष्ट घेतले होते, या कारणास्तव त्यांनी स्वतःच्या आकड्याऐवजी त्यांचाच आकडा विश्वसनीय मानला. स्वतः शोधलेली नवी पद्धत, स्वतः चढलेला डोंगर, आणि तरीही निवाडा दुसऱ्याच्या बाजूने! कुरआनमध्ये सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांविषयी कठोर इशारा आहे, जे घेताना पुरेपूर माप घेतात आणि देताना कमी देतात. हा इशारा केवळ धान्याच्या दुकानापुरता आहे काय? आपल्या पूर्वजांची स्तुती करताना तराजूवर बोट ठेवणे हाही त्यातलाच प्रकार नव्हे काय? ज्या पुरुषाने स्वतःच्या बाजूने तराजू झुकू दिला नाही, त्याच्या नावाने तो झुकविणे त्याला मुळीच रुचले नसते.

या साऱ्या खटाटोपामागे एक धार्मिक प्रयोजनही होते. शहरांचे स्थान निश्चित करण्यावरचा त्यांचा ग्रंथ १०२५ मध्ये पूर्ण झाला. गझनीतून किब्ल्याची दिशा अचूक काढणे हा त्यातील एक मुख्य हेतू होता. नमाजसाठी उभे राहताना तोंड नेमके कोठे करावे, या प्रश्नाने त्यांना भूगोल, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र यांच्या मुळाशी नेले.

हिंदुस्थानचा अभ्यास

अल-बिरूनी यांनी संस्कृत भाषा शिकून पंडितांशी चर्चा केल्या आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यातील प्रवासमार्गांच्या वर्णनात मऱ्हाट देशाचा आणि कोकणातील ठाण्याचा उल्लेख येतो. ते स्वतः आपल्या प्रदेशात आले नव्हते. परंतु त्यांच्या नकाशात आपली भूमी होती, ही मराठी वाचकास आनंद देणारी गोष्ट आहे.

याच ग्रंथात त्यांनी मोजमापांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. सुवर्ण, तोळा, योजन इत्यादी मापे त्यांनी आपल्या वाचकांना परिचित असलेल्या मापांत उतरवून दिली. योजनाचे ३२,००० हात, म्हणजे आठ अरबी मैल होतात हे सांगितले. तुला हे नाव कशामुळे पडले आणि खुणांच्या दांड्यावर वजन कसे केले जाते, तेही नोंदविले. परक्या समाजाची विद्या समजून घ्यायची तर आधी त्याची मापे समजली पाहिजेत, नाहीतर त्याचे शब्द आपले आणि अर्थ भलतेच होतील, हा त्यामागील विचार होता.

हा विचार आजही आपल्या घरात उपयोगी पडणारा आहे. जकातीचा निसाब सोन्यासाठी २० मिस्काल आणि चांदीसाठी २०० दिरहम आहे. हिंदुस्थानच्या उलेमांनी तो साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी असा सांगितला. हा तोळा सुमारे ११.६६४ ग्रॅमचा, म्हणून सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम होतो. परंतु आज सराफाच्या दुकानात तोळा म्हटले की बहुधा १० ग्रॅम समजले जातात. त्या हिशोबाने साडेसात तोळे ७५ ग्रॅमच भरतील. शब्द एकच, माप दोन! वर्षाचा हिशोब करताना घरातील माताभगिनींनी तोळे न मोजता ग्रॅम मोजावेत, हे अधिक सुरक्षित.

पाण्याचा तराजू

धातू आणि रत्ने यांच्या घनतेवर अल-बिरूनी यांनी केलेले काम तर आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. त्यांनी शंकूच्या आकाराचे एक पात्र तयार केले. त्याच्या अरुंद गळ्याजवळ बाहेर वळलेली नळी होती. पात्र नळीपर्यंत पाण्याने भरायचे, त्यात मोजून घेतलेला धातू सोडायचा आणि नळीतून बाहेर सांडलेले पाणी तोलायचे. सांडलेले पाणी म्हणजे धातूने व्यापलेली जागा. अरुंद नळीत पाणी अडकून राहते आणि वजन चुकते, हे ध्यानात येताच त्यांनी नळीच्या रचनेत सुधारणा केली. ठिबकण्याचे राहिलेले थेंबसुद्धा त्यांनी हिशोबाबाहेर ठेवले नाहीत.

सारख्या आकारमानाचे तुकडे घेतले आणि सोन्याचे वजन १०० मानले, तर चांदीचे सुमारे ५४ भरते, असे त्यांना आढळले. आजच्या प्रयोगशाळेतही हे गुणोत्तर ५४ च्या आसपासच मिळते. त्यांचे मिस्काल कोणी आज वापरत नाही, त्यांच्या हाताच्या लांबीविषयी विद्वानांत वाद आहे. पण हे गुणोत्तर हजार वर्षांनंतरही जसेच्या तसे तपासता येते, कारण ते कोणत्याही एककावर अवलंबून नाही. खोटे सोने ओळखण्यासाठी आणि रत्नांची पारख करण्यासाठी त्याचा उपयोग झाला. पुढे ११२१ मध्ये मर्वचे विद्वान अल-खाझिनी यांनी तराजूवरील आपल्या ग्रंथात हे कोष्टक जतन केले आणि पाण्याच्या उष्णतेने वजनात फरक पडतो याकडेही लक्ष वेधले. गेज रूममध्ये तापमान पाहणाऱ्या आपल्या तरुणांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पृथ्वीपासून प्रकाशापर्यंत

अल-बिरूनी यांनी हाताने पृथ्वी मोजली. त्यानंतर साडेसातशेहून अधिक वर्षांनी फ्रान्सच्या विद्वानांनी उलट दिशेने विचार केला : हात आणि गज गावोगाव वेगळे आहेत, तर मग पृथ्वीनेच माप ठरवावे. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असे त्यांनी ठरविले. त्यासाठी देलांब्र आणि मेशॅं या दोघांनी १७९२ पासून १७९८ पर्यंत डंकर्क ते बार्सिलोना ही मोजणी केली. मेशॅं यांना आपल्या निरीक्षणांत एक विसंगती आढळली. ती त्यांनी उघड केली नाही आणि तिचा सल त्यांना मरेपर्यंत छळत राहिला. पृथ्वीच्या चपटेपणाचा अंदाजही नेमका नव्हता. परिणामी मीटरची पट्टी अभिप्रेत मापापेक्षा सुमारे ०.२ मिलीमीटर आखूड बनली.

आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९५८ पासून शेर, मण, पायली हळूहळू मागे पडले. किलोग्रॅमसाठी पॅरिसजवळ धातूचा एक दंडगोल जपून ठेवलेला होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीत आहे. परंतु शतकभराच्या काळात मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. कितीही जपली तरी वस्तू बदलते. म्हणून शास्त्रज्ञ सृष्टीतील स्थिरांकांकडे वळले. आज सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा एक सेकंद होतो. १९८३ पासून, प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर जातो, तो मीटर मानला जातो. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लांकच्या स्थिरांकावर आधारला गेला. यातील आकडे माणसांनी ठरविले, जेणेकरून जुना मीटर आणि जुना किलोग्रॅम मोडू नये. मात्र ज्यावर ते टेकले आहेत ती स्थिरता माणसाची निर्मिती नव्हे. सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच तराजूचा उल्लेख येतो आणि लगेच माप कमी न करण्याची ताकीद येते. सृष्टीची व्यवस्था आणि दुकानातील तराजू यांना एकत्र ठेवणारी ती शिकवण या प्रवासाकडे पाहताना सहज आठवते.

अखेरचे दिवस

सुलतान मसऊद यांच्या काळात अल-बिरूनी यांनी खगोलशास्त्रावरचा आपला महाग्रंथ लिहिला आणि त्यांनाच अर्पण केला. सुलतानांनी त्याबद्दल हत्तीभर चांदी पाठविली आणि अल-बिरूनी यांनी ती परत केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. सुलतान मौदूद यांच्या काळात त्यांनी रत्ने आणि धातूंवरचा ग्रंथ लिहिला. त्यांची ग्रंथसंख्या शंभराहून अधिक भरते. त्यांतील बहुतेक आज नष्ट झाले आहेत.

१०४८ च्या सुमारास गझनी येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेविषयी एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. एक फकीह मित्र भेटीस आले असता, श्वास घरघरत असतानाही अल-बिरूनी यांनी त्यांना वारसाहक्कातील आजीच्या वाट्याचा एक अवघड हिशोब विचारला. या अवस्थेत हे कशाला, असे मित्राला वाटले. परंतु अज्ञानासह जग सोडण्यापेक्षा हे जाणून सोडणे बरे, असा त्यांचा भाव होता. मित्राने तो हिशोब उलगडून सांगितला. ते बाहेर पडून रस्त्यावर येतात तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

शेवटचा प्रश्नही त्यांनी हिशोबाचाच विचारला, आणि तो होता दुसऱ्याच्या हक्काचा. प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणी उद्या भोसरीतील एखाद्या शॉपमध्ये पहिल्या पाळीला उभा राहील. घाईची वेळ असेल, लॉट अडलेला असेल, आणि तपासणी न करताच नोंदवहीत आकडा लिहून टाकण्याचा मोह होईल. त्या जॉबवर कदाचित एखाद्या वाहनाचा ब्रेक अवलंबून असेल. डोंगरावर एकटे उभे असलेले अल-बिरूनी यांना तपासणारा तेथे कोणीही नव्हता. तरीही त्यांनी जितके दिसले तितकेच लिहिले. नोंदवहीतील तो आकडा ही आपली अमानत आहे. अल्लाह आपणा सर्वांना ती सांभाळण्याची तौफीक देवो.